उंची १६६, पाय ७३: स्मॉल फ्रेमवरचे नऊ महिने

माझी उंची १६६ सेंटिमीटर आहे आणि जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप ७३. पाय आखूड, धड लांब. माझ्या बांध्याचे लोक कमी नाहीत, पण सायकलच्या दुकानात हे माप कुणी घेत नाही. मलाही कुणी विचारलं नाही. उंची विचारली, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवलं, १६५ ते १७५ म्हणजे मीडियम. साडेसतरा इंची फ्रेम, २९ इंची चाकं. दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर दोन चकरा मारल्या, बरी वाटली, घेतली. सपाट रस्त्यावर न थांबता चालवली तर चुकीच्या मापाची सायकलही बरी वाटते, हे तेव्हा कळायला हवं होतं.

ते कळलं चाळकेवाडीच्या पठारावर. साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्याजवळून ठोसेघरच्या अंगाने वर गेलं की पवनचक्क्यांच्या मधून मुरमाचे रस्ते फिरतात. एका चढावर पुढचं चाक जांभ्याच्या दगडाला अडलं, वेग संपला, पाय टेकायला गेले. त्या बाजूला जमीन वीतभर खोल होती. पाय टेकायच्या आधी फ्रेमचा दांडा लागला. आठ दिवस नीट बसता येत नव्हतं. घरी येऊन दांड्याची जमिनीपासूनची उंची मोजली: ७६. बूट घालून माझे पाय भरतात ७५. म्हणजे ती सायकल दोन पायांत धरून मी सपाट फरशीवरसुद्धा टाचा टेकून उभी राहू शकत नव्हते, आणि असं मी चार महिने चालवलं होतं. तोटा सोसून विकली.

दुसरी घेण्याआधी माप नीट घेतलं. अनवाणी उभं राहायचं, पाठ भिंतीला, पावलांत वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांत धरून, कणा वर ठेवून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं वर ओढायचं. पुस्तकाची कड भिंतीला काटकोनात टेकली पाहिजे. कण्याच्या वरच्या कडेला पेन्सिलने खूण करायची. हे एकट्याने जमत नाही, वाकून बघताना माप बदलतं. माझं मी घेतलं तेव्हा ७५ आलं, भावाने पुस्तक धरलं तेव्हा तिन्ही वेळा ७३. दोन सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण इथे सगळा खेळ तेवढ्याचाच आहे. पँटच्या लांबीवरून अंदाज करू नका, ती टाचेच्या वरच संपते.

पायाच्या मापाला ०.२२६ ने गुणलं की माउंटन बाइकची फ्रेम इंचात मिळते, असं एक जुनं सूत्र आहे. माझं उत्तर साडेसोळा येतं. पण फ्रेमचा इंचातला आकडा म्हणजे सीटखालच्या नळीची लांबी, आणि ही सूत्रं वरचा दांडा जवळपास आडवा असायचा त्या काळातली. आता दांडा मागे उतरता असतो, सीटची नळी आखूड ठेवतात आणि फ्रेम पुढच्या बाजूला लांब करतात. त्यामुळे दोन कंपन्यांच्या सोळा इंचांत काहीच सारखेपणा उरलेला नाही. मी इंच बघणं सोडलं आणि कंपनीच्या तक्त्यातले दोनच आकडे शोधले, स्टँडओव्हर आणि रीच. स्टँडओव्हर म्हणजे दांड्याची जमिनीपासूनची उंची. कच्च्या रस्त्यावर पाय टेकून उभं राहिल्यावर खाली निदान पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी, कारण पाय कुठे टेकायचा ते रस्ता ठरवतो. रीच म्हणजे क्रँकच्या (ज्या दांड्यांच्या टोकाला पायडल बसतात त्यांच्या) मधल्या बिंदूपासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. उभं राहून चालवताना शरीराला किती जागा आहे ते त्यावरून कळतं.

आमच्यासारख्यांची अडचण इथेच आहे. पाय म्हणतात स्मॉल, धड म्हणतं मीडियम.

दोन दुकानांत मला लेडीज मॉडेल दाखवलं. बायकांचे पाय लांब आणि धड आखूड असतं, हे गृहीत धरून अशा फ्रेम पुढे आखूड केलेल्या असायच्या. माझा बांधा नेमका उलटा. दांडा खाली होता, उभं राहायला छान, पण बसल्यावर कोपरं पोटाशी आली आणि उठून पायडल मारताना गुडघे हँडलला लागायला आले. बाई आहे म्हणून लेडीज, हा सल्ला आखूड पायांच्या बाईला सगळ्यात जास्त नडतो. दुकानातून बाहेर पडताना मला खरंच वाईट वाटलं होतं.

शेवटी घेतली ती साडेपंधरा इंची स्मॉल. चाकं २७.५, स्टँडओव्हर ६९, रीच ४१० मिलिमीटर. बूट घालून सहा सेंटिमीटर मोकळे. २९ पेक्षा या चाकाचा आस साधारण दोन सेंटिमीटर खाली असतो, त्यामुळे छोटी फ्रेम बसवायला सोपं जातं. मोठं चाक दगडावरून जसं सहज जातं तसं हे जात नाही, हे मात्र मान्य करते. खड्ड्यात अडकल्याचं हाताला कळतं.

पहिल्या महिन्यात एक चूक केली. पुढे थोडं आखडल्यासारखं वाटत होतं म्हणून सीट रुळावर पूर्ण मागे सरकवली. जागा मिळाली, पण प्रत्येक फेऱ्यात पायडलपर्यंत पाय ताणला जाऊ लागला. सीटची जागा पाय आणि क्रँक यांच्या हिशेबाने ठरते. हँडल जवळ-लांब करायचं तर स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, बदलायचा. सीट परत मधे आणली, ४५ मिलिमीटरचा स्टेम काढून ६० चा लावला, आणि धडाची तक्रार तिथेच मिटली.

गुडघ्याची मात्र मिटली नाही. सीटची उंची पायाच्या मापाच्या ०.८८३ पट, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून साडेचौसष्ट ठेवून सुरुवात केली. कंबर डावी-उजवी हलत होती म्हणून ६४ वर आणली. तरी तिसऱ्या महिन्यात यवतेश्वरचा घाट चढून आलं की वाटीच्या पुढे दुखायचं. सीट वर केली की कंबर हलायची, खाली केली की गुडघा दुखायचा. दोष क्रँकमध्ये होता. स्मॉल फ्रेमलाही कंपनीने १७५ मिलिमीटरचेच क्रँक दिले होते. पायडल सगळ्यात वर येतं तेव्हा आखूड पायाचा गुडघा फार दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो.

१६५ चे क्रँक मागवले. पायडल खाली दहा मिलिमीटर कमी जातं म्हणून सीट तेवढी वर घेतली, ६५ वर. वरच्या टोकाला पायडल दहाने खाली आलं आणि सीट दहाने वर गेली, म्हणजे गुडघ्याला एकूण वीस मिलिमीटर जागा मिळाली. एवढ्या बदलाने महिन्याभरात दुखणं गेलं. आता कासपर्यंत जाऊन आले तरी गुडघ्याची आठवण येत नाही. क्रँक आखूड झाल्यावर जोर थोडा जास्त लागतो, म्हणून पुढची ३२ दात्यांची चकती काढून ३० ची घातली. हिशेब जवळजवळ बरोबर जुळतो.

उतारावर आखूड सीट-नळीचा फायदा फार मोठा आहे. जुन्या सायकलची सीट पूर्ण खाली केली तरी मधे यायची. इथे ती बोटांच्या झटक्यात खूप खाली जाते आणि मागे सरकायला वाट मिळते. आषाढात चाळकेवाडीला धुकं, वारा आणि ओला जांभा एकदम अंगावर येतात, तिथे आता मी बिनधास्त पाय टेकते. एक गैरसोय राहिलीच आहे: फ्रेमच्या नळ्यांमधला त्रिकोण लहान, त्यात पाण्याची एकच बाटली बसते. दुसरी पाठीवर.

मागच्या रविवारी मैत्रिणीने माझी सायकल मागितली. ती १५८, माझ्यापेक्षा आठ सेंटिमीटर बुटकी. सीट खाली करायला गेले तर म्हणाली, "अगं, वर कर, पाय नीट सरळ होत नाहीत." एक सेंटिमीटर वर केली तेव्हा ती नीट बसली. मात्र हँडल तिला इतकं लांब पडलं की खांदे कानाला लागले. घरी पुस्तक लावून मोजलं, तिचे पाय ७४ भरले. मी नाकारलेली ती आखूड फ्रेम तिला बहुतेक बरोबर बसेल. येत्या शनिवारी आम्ही दोघी टेप घेऊन त्याच दुकानात जाणार आहोत.