दर दोन हातांना श्वास की दर तीन हातांना?

पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडणे अंगवळणी पडले की, प्रौढ वयात फ्रीस्टाइल, म्हणजे पालथे राहून आळीपाळीने हात मारत पोहणे, शिकणाऱ्यासमोर एक प्रश्न उभा राहतो: दर दोन हातांना, म्हणजे हात दोनदा मारून झाले की, एकाच बाजूने श्वास घ्यावा, की दर तीन हातांना आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी घ्यावा? चाळिशीनंतर पोहायला शिकताना मी आधी तीन हातांची पद्धत चार महिने चालवली आणि मगच दोन हातांवर आलो.

तीन हातांच्या बाजूने जे सांगितले जाते ते खरेच आहे. शरीर दोन्ही कुशींवर सारखे वळते, मानेला एकाच बाजूची सवय लागत नाही आणि खुल्या पाण्यात एका बाजूने लाटा येत असल्या तर दुसरी बाजू हाताशी असते.

माझे मात्र प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडायचे. २५ मीटरच्या तलावात पंधराएक मीटर गेल्यावर तिसऱ्या हाताची वाट पाहणे असह्य होई. श्वासाची ती तगमग ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि नवशिका गरजेपेक्षा जोरात पाय मारत असल्याने तो लवकर साठतो. त्यातच माझी डावी बाजू कच्ची आणि दर दुसरा श्वास नेमका तिकडून घ्यावा लागायचा. घाईघाईत मी मान वळवण्याऐवजी डोके वर उचलत असे. डोके उचलले की कंबर आणि पाय खाली जात, ते सावरायला आणखी जोर लागे आणि पुन्हा धाप लागे. दोष फुप्फुसांचा नसून वाट पाहण्याचा आहे, हे लक्षात यायला मला फार उशीर लागला.

दोन हातांवर आल्यावर पहिल्यांदा मला निवांतपणे श्वास सोडता आला. तोंड पाण्यात जाताच नाकातून हळूहळू हवा सोडायला लागावे आणि तोंड वळताना उरलेली हवा जोराने सोडावी, म्हणजे बाहेर आल्यावर फक्त आत घेणे उरते. पुढे सरकणाऱ्या डोक्यामुळे गालाजवळ पाण्यात लहानसा खळगा तयार होतो. गॉगलची एक काच पाण्यातच राहिली, तरी ओठांच्या वरच्या कोपऱ्यातून तेवढ्यात पुरेशी हवा मिळते. हे मला रोज तीन हातांवर झगडताना कधी जाणवले नव्हते, कारण तेव्हा तोंड जितके बाहेर काढता येईल तितके काढण्याचीच धडपड असे.

या पद्धतीचा तोटाही आहे. एकाच बाजूने श्वास घेत राहिल्यास हाताचा झोका एकांगी होतो आणि पुढचा हात पाणी मागे ओढण्याऐवजी खाली दाबू लागतो. त्यावर मी जाताना उजवीकडून आणि येताना डावीकडून श्वास घेतो, त्यामुळे दोन्ही वेळा नजरेसमोर तलावाचा तोच काठ राहतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींतही दर दोन हातांना श्वास घेणारे पुष्कळ दिसतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर ८ मिनिटे ४.७९ सेकंदांत पोहणारी अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी प्रामुख्याने उजवीकडूनच श्वास घेते.

ज्यांना तीन हातांवर दम लागत नाही, त्यांनी ती पद्धत सोडावी असे माझे म्हणणे नाही. पण सलग ५० मीटर अजून जमत नसतील, तर निदान काही आठवडे दोन हातांवर पोहून पाहावे आणि तिसऱ्या हाताचा विचार कच्ची बाजू सरावल्यावर करावा. मी आता तीन हातांचा सराव आठवड्यातून एकदा, शेवटच्या दोन फेऱ्यांपुरताच करतो.