गाडीवाल्या मेस्त्रींच्या हातचा सीसराचा रथ

खानापूरहून नंदगडकडे जाताना रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. बाहेर दोन-चार मोडकी चाकं भिंतीला टेकवलेली, आत भुशाचा ढीग. पूर्वी इथं बैलगाड्या व्हायच्या. आता चौकटी, दारं, ट्रॉलीच्या फळ्या आणि वर्षातनं एखादी गाडी. आमच्या चर्चच्या संडे स्कूलसाठी मी इथं हातभर लांबीचा एक युद्धरथ आणि तटबंदीच्या शहराची एक वेस करून घेतली. दोन्हीचे मिळून ६,८०० रुपये झाले, आणि प्रत्येक रुपया वसूल झाला.

गेल्या वर्षी शहरातल्या एका सजावटीच्या दुकानातून थर्माकोलचा रथ आणला होता. चार चाकं, वर छत्री, कडेनं सोनेरी पट्टी. जत्रेतला रथ म्हणून शोभला असता. पण पोरं छत्रीखाली बसलेला सीसरा (पवित्र शास्त्रातल्या लढाईतला शत्रूचा सेनापती) काढायला लागली तेव्हा ठरवलं, पुन्हा असलं काही वर्गात न्यायचं नाही. लढाईच्या रथाला चाकं दोनच. पुढं दोन घोडे, वर एक हाकणारा आणि एक धनुष्यवाला. हित्ती लोकांच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) रथात तिसरा ढालवाला असे. इस्राएलातला अख्खा रथ एकही सापडलेला नाही, म्हणून मी मेस्त्रींसमोर मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, रथाची चित्रं ठेवली. तिथल्या तुतानखामुन राजाच्या कबरीत सहा रथ निघाले, त्यांतल्या एकाचं चित्र सगळ्यात स्पष्ट होतं.

मेस्त्रींनी चित्र हातात घेतलं आणि पहिल्यांदा आरे मोजले. सहा. मग म्हणाले, "टीचर, आस मागं का हो घेतलीय? आमच्या गाडीला मधोमध असतीय." मला चटकन समजावून सांगता येईना. त्यांनी खाली बसून एका जुन्या खेळण्यातल्या गाडीची आस सरकवून पाहिली, दांडी धरून ती झटकन वळवली, आणि स्वतःच सांगितलं: आस मागं घेतली की थोडं वजन जुवावर जातं, आणि धावता धावता वळताना गाडी उलटत नाही. बैलगाडी वळायला घाई नसते, रथाला असते. पुस्तकात मी हे वाचलं होतं, पण डोळ्यांसमोर वळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुसरा प्रश्न लोखंडाचा. पवित्र शास्त्रातल्या 'शास्ते' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात हासोरच्या याबीन राजाचा सेनापती सीसरा याच्याकडं नऊशे लोखंडी रथ होते असं आहे. मेस्त्री म्हणाले, "समदं लोखंडाचं केलं तर घोडं वढंल काय ओ?" नाहीच ओढणार. अभ्यासकही हेच धरून चालतात की रथ लाकडाचाच, लोखंड जोडकामाला आणि पत्र्यांना. म्हणून आमच्या रथाला सागवानी दांडी आहे, वेत वाकवून केलेला कठडा आहे, तळाला चामड्याच्या वाद्या विणल्यात (मिसरी रथाचा तळ असाच असे, उभं राहणाऱ्याला हादरा कमी बसावा म्हणून) आणि तुंब्यावर, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्यावर, लोखंडी पत्रा. वाद्यांचं विणकाम जवळून बघा. एका वितीच्या चौकटीत अकरा वाद्या आहेत, आणि एकही सैल नाही.

पण ज्यासाठी मी हा अभिप्राय लिहायला बसले ती गोष्ट वेगळीच. रथ रंगवायचा राहिला होता, तेव्हा त्यांनी विचारलं, "लढाई झाली ती माती कसली? तांबडी की काळी?" मी सांगितलं, इज्रेलचं खोरं, डोंगरातनं वाहून आलेली भारी चिकण माती, मधनं कीशोन नदी. ते लगेच म्हणाले, "मग पाऊस झाला असंल. बैलहोंगलकडं काळ्या रानात मिरगात गाडी घातली की तुंब्यापतोर जातीय. बैल सोडायचं, गाडी थितंच ठेवायची नि चालत यायचं."

मी तिथंच पिशवीतनं पवित्र शास्त्र काढलं. "सीसरा रथातून उतरून पायी पळाला." पुढच्या अध्यायातल्या दबोरा संदेष्टीच्या गीतात कीशोन शत्रूला वाहून नेते. बावीस वर्षं मी हा धडा शिकवतेय. सेनापती आपला रथ सोडून पायी का पळाला, हे मी पोरांना कधी विचारलंच नव्हतं. ताबोर डोंगरावरनं दहा हजार माणसं घेऊन इस्राएलचा सेनानी बाराक खाली उतरला, आणि सपाटीवर ज्यांचं राज्य होतं ते चिखलात अडकले. इस्राएलातल्या यहूदा वंशानं डोंगर घेतला पण खोऱ्यातल्या लोकांना त्यांच्या लोखंडी रथांमुळं घालवता आलं नाही, हे पहिल्याच अध्यायात आहे. आता ते वाचताना मला आमच्याकडची तांबडी चढण आणि पूर्वेकडचं काळं रान दिसतं.

कदाचित म्हणूनच त्याआधीचा इस्राएलचा पुढारी यहोशवा यानं मेरोमजवळ शत्रूच्या घोड्यांच्या पायांच्या शिरा तोडल्या आणि रथ जाळले. डोंगरातल्या माणसांना त्यांचा उपयोग नव्हता. पुढं राजे झाल्यावर मात्र रथ वाढत गेले. दावीद राजानं शंभर रथांपुरते घोडे ठेवले. त्याचा मुलगा शलमोन याच्याकडं चौदाशे रथ झाले. मिसरातनं आणलेल्या रथाला चांदीचे सहाशे शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) पडत, घोड्याला दीडशे. इ. स. पू. ८५३ च्या कर्कारच्या लढाईत इस्राएलचा राजा अहाब याचे दोन हजार रथ होते असं अश्शूरी शिलालेखात कोरलंय.

आता वेशीबद्दल. मगिद्दो, हासोर आणि गेजेर या तिन्ही ठिकाणी सहा कोठड्यांची वेस सापडली, दोन्ही बाजूंना तीन-तीन. १ राजे ९:१५ मध्ये शलमोनानं हीच तीन शहरं बांधल्याचं येतं. काही पुरातत्त्वज्ञ मात्र या वेशी त्याच्यानंतरच्या मानतात. कोठड्या मेस्त्रींनी मापात केल्यात, दारं बिजागरीवर फिरतात. तट मात्र कंपाउंडच्या भिंतीसारखा एकेरी केला होता. हासोरचा तट दोन भिंतींचा आणि मध्ये खोल्यांचा होता. दाखवल्यावर त्यांनी पैसे न वाढवता दुसरी भिंत लावून दिली. रंग जांभ्यासारखा तांबडा झालाय, तो मीच पिवळट करून घेणार आहे.

तक्रार एकच, वेळेची. पंधरा दिवस सांगून सव्वीस लागले, मध्ये गणपतीच्या मखरांची कामं आली. शाळेसाठी काही करून घ्यायचं असेल तर श्रावणाच्या आधी सांगा, आणि चित्र चारी बाजूंचं न्या.

रथ घेऊन आम्ही पोरांसह बेळगावच्या किल्ल्यात गेलो. खंदकाच्या काठावर उभं राहून एकानं विचारलं, रथ इथं काय करणार? काहीच नाही, मी म्हटलं. तटाला रथ धडकत नाही, त्याला वेढा लागतो. म्हणून पुढची ऑर्डर यहूदातल्या लाखीश शहराची दिलीय: इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरी राजा सन्हेरीब यानं तटापर्यंत चढवलेला दगड-मातीचा उतार. मेस्त्रींनी कागदावर तट काढला, पेन्सिल कानावर अडकवली आणि विचारलं, "टीचर, ह्यो भराव घालताना वरनं बाण मारत असतील की. मग दगड वाहणारी माणसं कुणाची?"