अपू त्रयीचा ब्लू-रे संच : काही महिने वापरल्यानंतर

जुने-नवे अभिजात चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने 2015 च्या नोव्हेंबरमध्ये काढलेला, सत्यजित राय यांच्या अपू या मुलावरच्या तीन बंगाली चित्रपटांचा, म्हणजे अपू त्रयीचा, संच गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे आहे. ‘पथेर पांचाली’ (1955), ‘अपराजितो’ (1956) आणि ‘अपूर संसार’ (1959) असे तीन चित्रपट, तीन डिस्क आणि एक पुस्तिका. चित्रपट थोर आहेत हे वेगळं सांगायला नको. पण डिस्क घेणाऱ्यापुढे प्रश्न असतो तो असा : हेच चित्रपट इंटरनेटवर कुठे ना कुठे पाहायला मिळतात, मग एवढे पैसे घालून पेटी कशाला आणायची? माझ्यासाठी त्याचं उत्तर बरंचसं एक्स्ट्रांमध्ये, म्हणजे चित्रपटांसोबत डिस्कवर दिलेल्या मुलाखती, माहितीपट अशा जादा कार्यक्रमांमध्ये आहे, म्हणून हा अनुभवही मुख्यतः त्यांच्याबद्दलच आहे.

एक्स्ट्रा जोखायची माझी कसोटी एकच. तो पाहून संपला की चित्रपट पुन्हा लावावासा वाटला पाहिजे, आणि लावल्यावर आधी निसटलेलं काहीतरी हाती लागलं पाहिजे. ट्रेलर, छायाचित्रांची मालिका, एकमेकांचं कौतुक करणारी नटमंडळी यांनी पेटीची मागची बाजू भरते, पाहणाऱ्याच्या पदरात फारसं पडत नाही. तासांची बेरीज करून संचाला गुण देणारे बरेच आहेत. मला ती पद्धत पटत नाही.

या कसोटीला सगळ्यांत जास्त उतरले ते कोगोनाडा या दिग्दर्शकाने रिस्टोरेशनवर, म्हणजे खराब झालेली फिल्म पुन्हा पाहण्याजोगी करण्याच्या कामावर, केलेले कार्यक्रम. त्यामागची हकिगत थोडक्यात सांगायला हवी. 1992 मध्ये राय यांना मानद ऑस्कर मिळाल्यावर त्यांच्या चित्रपटांच्या जपणुकीचा प्रश्न ऐरणीवर आला. मूळ निगेटिव्ह लंडनला गेल्या आणि 1993 च्या जुलैमध्ये तिथल्या हेंडरसन्स या फिल्म लॅबला आग लागली. बऱ्याच निगेटिव्ह जळल्या. जे उरलं ते त्या वेळच्या कुठल्याही तंत्राने वापरता येणार नव्हतं, तरी ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या फिल्म संग्रहाने ते डबे टाकून दिले नाहीत. पुढे वीस वर्षांनी ते बाहेर काढून इटलीतल्या बोलोन्याच्या लिमाजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेत पाठवले गेले. तिथे कोरड्या पडून ठिसूळ झालेल्या फिल्ममध्ये पुन्हा ओलावा आणला, वितळून चिकटलेल्या टेप आणि मेण हातांनी काढलं, कडेची तुटलेली भोकं नव्याने बांधली. या हातकामालाच जवळजवळ हजार तास लागले. त्यानंतर 4K, म्हणजे खूप बारीक तपशील टिपणारं, स्कॅनिंग. शेवटी ‘पथेर पांचाली’चा 40 टक्के आणि ‘अपराजितो’चा 60 टक्क्यांहून अधिक भाग थेट मूळ निगेटिव्हवरून घेता आला. ‘अपूर संसार’ची उरलेली दोन रिळं मात्र वापरण्याजोगी नव्हती. त्यामुळे तो अख्खा चित्रपट आणि पहिल्या दोघांतला उरलेला भाग निरनिराळ्या संग्रहांतल्या दुय्यम प्रतींवरून केला आहे.

हे ठाऊक झाल्यावर चित्रपट पाहण्याची रीतच बदलते. निगेटिव्हवरून आलेला भाग कुठला आणि प्रतीवरून आलेला कुठला, याचा डोळे आपोआप शोध घेऊ लागतात. माझ्या टीव्हीवर ‘अपूर संसार’ काही ठिकाणी किंचित मऊ दिसतो, पण कुठेही प्लास्टिकसारखा गुळगुळीत केलेला नाही. फिल्मचे दाणे शाबूत आहेत. ‘पथेर पांचाली’तल्या तळ्यावरचे पाणकिडे, इंदिर ठाकरुण या म्हातारीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, पावसाच्या पहिल्या थेंबांनी पाण्यावर उठलेली वर्तुळं, हे सगळं मी याआधी खरं म्हणजे पाहिलंच नव्हतं. ही भूमिका करणाऱ्या चुनीबाला देवींचा चेहरा जुन्या डीव्हीडीत राखाडी डाग होता. इथे तो एका माणसाचा चेहरा आहे.

आवाजाबद्दल लोक कमी बोलतात. मूळ मोनो ट्रॅक इथे न दाबता दिला आहे. ‘पथेर पांचाली’त अपूचे वडील हरिहर परत येतात, आणलेल्या वस्तू काढून दाखवतात, मागे वारलेल्या मुलीसाठी, दुर्गासाठी, आणलेली साडी पुढे करतात आणि अपूची आई सर्वजया कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई वाजते. साध्या टीव्हीच्या स्पीकरवर तो सूर पातळ वाटायचा. इथे त्याची धार लागते. बरे हेडफोन किंवा स्पीकर असतील तर हा प्रसंग त्यांवरच ऐका.

दुसऱ्या क्रमांकावर मी मामून हसन यांचा कार्यक्रम ठेवीन. चित्रपट करणारे आणि शिकवणारे असे हे गृहस्थ होते आणि त्यांचं बोलणं वर्गातल्या चांगल्या मास्तरांसारखं आहे. विशेषणं कमी आणि ‘हे नीट बघा’ जास्त. त्यांच्यामुळे मी तिन्ही चित्रपटांतल्या आगगाड्या पुन्हा लागोपाठ पाहिल्या. काशफुलांमधून पळत जाऊन पाहिलेली दूरची गाडी, ‘अपराजितो’मध्ये गावाच्या क्षितिजावरून मुलाला कलकत्त्याकडे ओढणारी गाडी, आणि ‘अपूर संसार’मध्ये घराच्या अगदी खिडकीशी आलेली, कानठळ्या बसवणारी गाडी. गाडी जसजशी जवळ येते तसतशी तिच्यातली जादू आटत जाते. चित्रपट कितीदाही पाहिले असले तरी हे असं सलग मनात मांडलं गेलं नव्हतं.

राय यांच्या आवाजातलं 1958 चं ध्वनिमुद्रण हा संचातला माझा सर्वांत लाडका ठेवा. ‘पथेर पांचाली’ कसा घडला यावरचा आपला इंग्रजी लेख ते स्वतः वाचतात. खर्जातला, घाई नसलेला आवाज. जाहिरात कंपनीत नोकरी करत, पैसे संपले की थांबत, पुन्हा जमवत, 1952 मध्ये सुरू झालेलं चित्रीकरण कसं रेटलं, हे कुठलाही आव न आणता येतं. त्याच काळातली चित्रपट-इतिहासकार गिडियन बाखमन यांच्याशी झालेली बातचीतही आहे. ‘अपूर संसार’ अजून यायचा होता, म्हणजे हा माणूस वाटेत असतानाच बोलतोय. मागे वळून पाहणाऱ्या मुलाखतींत हे सापडत नाही.

मुलाखतींमध्ये सौमेंदू रॉय यांची जरूर पाहा. ‘पथेर पांचाली’च्या वेळी ते कॅमेरा सहायक होते, पुढे राय यांचे छायालेखक झाले. सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर यांच्या मुलाखती गोड आहेत. लहानपणीची दुर्गा झालेल्या शंपा श्रीवास्तव यांचीही आहे. राय यांचे चरित्रकार अँड्र्यू रॉबिन्सन यांचा व्हिडिओ-निबंध नवख्याने आधी पाहावा. राय यांच्यावरची पुस्तकं वाचलेल्याला त्यात नवं थोडं मिळेल. 1967 चा जेम्स बेव्हरिज यांचा अर्ध्या तासाचा माहितीपट त्यातल्या माणसांसाठी मोलाचा आहे, आणि रविशंकर यांच्यावरचा, दुसऱ्या एका माहितीपटातून घेतलेला अंश आणखी लांब हवा होता. रात्रभराच्या एका बैठकीत त्यांनी ‘पथेर पांचाली’चं संगीत उभं केलं, त्यावर कितीही ऐकलं तरी पोट भरत नाही. राय यांचं ऑस्कर स्वीकारतानाचं चित्रण मी एकदा पाहिलं. कलकत्त्यात रुग्णशय्येवरून ते बोलतात आणि महिन्याभरातच जातात. पुन्हा ते लावायला हात धजत नाही.

आता उणं. पूर्ण लांबीची समालोचनाची ध्वनिपट्टी, म्हणजे चित्रपट चालू असताना अभ्यासक त्यावर बोलत जातो ती, एकाही चित्रपटाला नाही. एवढ्या मोठ्या संचात ती असायला हवी होती. छायालेखक सुब्रत मित्र, कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त आणि संपादक दुलाल दत्त यांच्यावर स्वतंत्र कार्यक्रम नाही, याची रुखरुख जास्त आहे. ‘अपराजितो’तलं बनारसचं घर स्टुडिओत बांधलेलं होतं. वाड्याच्या चौकात वरून झिरपतो तसा प्रकाश मिळावा म्हणून मित्र यांनी पांढरं कापड ताणून त्यावरून दिव्यांचा प्रकाश परतवला. विशीतल्या छायालेखकाने केलेली ही युक्ती वीस मिनिटांचा कार्यक्रम आरामात तोलून धरते. पुस्तिकेत टेरेन्स रॅफर्टी आणि गिरीश शंभू यांचे निबंध आहेत, त्यातही मला ‘पथेर पांचाली’साठी राय यांनी काढलेली प्रसंगचित्रं फार आवडली. मध्ये कुठलाही अभ्यासक नसताना थेट दिग्दर्शकाचा हात दिसतो.

सबटायटल फक्त इंग्रजीत आहेत. नवे आहेत, नेटके आहेत, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांचा वेग झेपत नाही. आईबरोबर पाहताना मी अधूनमधून थांबवून मराठीत सांगत गेलो. ‘अपराजितो’त सर्वजया मुलाच्या गाडीची वाट पाहते, तिथे सांगावं लागलं नाही.

हा संच हाताळताना सारखं पुणं आठवतं. 2003 च्या जानेवारीत इथे नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या, साठ्याला आग लागली आणि त्यात प्रभातच्या रिळांसह केवढा तरी ऐवज गेला. ‘संत तुकाराम’ किंवा ‘कुंकू’ उरलेल्या सर्वोत्तम प्रतीवरून, त्या प्रतीची कुळकथा सांगणाऱ्या एक्स्ट्रांसह आणि जाणत्या अभ्यासकाच्या समालोचनासह मिळायला हवेत. ‘श्यामची आई’ला 1954 मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, ‘पथेर पांचाली’ला ते त्यानंतर दोन वर्षांनी. ‘श्यामची आई’वर बोलू शकणारी, त्या काळाशी थेट नातं असलेली माणसं आता भराभर कमी होत आहेत. मुलाखती आजच घ्यायला हव्यात, डिस्क नंतर निघाली तरी चालेल.

घेणाऱ्यांसाठी कामाचं. ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक प्रदेशांपुरत्याच चालाव्यात अशा कुलूपबंद असतात. त्या हिशेबात भारत सी प्रदेशात येतो आणि या डिस्क ए प्रदेशाच्या आहेत, तेव्हा सगळे प्रदेश चालवणारा प्लेअर लागेल. विकत घेण्याआधी दुकानदाराकडून ए प्रदेशाची एखादी डिस्क समोर लावून घ्या. ‘मल्टी-रिजन’ लिहिलेले काही प्लेअर ही मोकळीक फक्त डीव्हीडीपुरती देतात. संचाची छापील किंमत 99.95 डॉलर आहे, पण अमेरिकेत जुलै आणि नोव्हेंबरच्या सेलमध्ये क्रायटेरियनच्या डिस्क निम्म्या किमतीत मिळतात. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर तेव्हा घ्यायला सांगून येताना आणवा, कुरिअर आणि कस्टम्सचा खर्च वाचतो. पेटी पुठ्ठ्याची आहे, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद कपाटात ठेवा. आता 4K संचही निघाला आहे. 4K डिस्कना प्रदेशाचं बंधन नसतं, पण त्यातही एक्स्ट्रा सोबतच्या ब्लू-रे डिस्कवर आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी प्लेअर तोच लागणार.