मुलीच्या बाल्कनीतलं सोलर आणि आमच्या गच्चीवरचं

2025 च्या मार्चमध्ये मी मुलीकडे जर्मनीत, श्टुटगार्टला गेले आणि तीन महिने राहिले. तिचं घर भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीच्या कठड्याला बाहेरून दोन सोलर पॅनल लावलेले, मागे वहीएवढा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, त्याची वायर थेट घरातल्या साध्या सॉकेटमध्ये. मला आधी खरंच वाटेना. साताऱ्याच्या घरी गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर आम्ही आदल्या वर्षीच बसवलं होतं, त्यामुळे दोन्ही वापरून पाहिल्यावर लिहावंसं वाटलं.

मुलीचा सेट साधारण साडेचारशे युरोंचा. 2023 पासून तिथे घरगुती सोलरवर व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, शून्य आहे. जावयांनी एका शनिवारी तो स्वतः बसवला. मे 2024 च्या नव्या नियमांनी 800 वॉटपर्यंतच्या इन्व्हर्टरला फक्त सरकारी नोंदवहीत ऑनलाइन नोंद पुरते, वीज कंपनीला वेगळं कळवावं लागत नाही. घरमालकाला विचारावं लागतं, पण 2024 च्या ऑक्टोबरपासून तो सबळ कारणाशिवाय नाही म्हणू शकत नाही.

इमारतीच्या तळघरात तिचं जुनं चकतीचं मीटर होतं. एका स्वच्छ दुपारी आम्ही दोघी खाली जाऊन पाहिलं, तर चकती संथपणे उलटी फिरत होती. नवं मीटर बसेपर्यंत हे चालवून घेतात. मी हिशोबाचे आकडे विसरेन, ती चकती नाही विसरणार. नवं मीटर आल्यावर मात्र जास्तीची वीज फुकटच ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्यात, जाते, म्हणून मुलगी आत्तापासूनच वॉशिंग मशीन दुपारी लावायला शिकली आहे. डिसेंबरात हे पॅनल जवळजवळ झोपलेलेच असतात, हेही तिनं सांगितलं.

आमचं गच्चीवरचं काम मोठं. सहा पॅनल, खर्च 1 लाख 95 हजार. पीएम सूर्यघर योजनेचं 78,000 रुपये अनुदान थेट खात्यात जमा झालं. उन्हाळ्यात रोज बारा-तेरा युनिट तयार होतात, आषाढात चार-पाचवर येतात. नेट मीटरवर आलेली आणि गेलेली वीज वेगवेगळी दिसते. एप्रिलच्या बिलात जवळपास फक्त स्थिर आकार उरला होता. अनुदान आणि ऊन या दोन्ही बाबतींत आमचं सोलर निःसंशय सरस.

तक्रार आहे ती बसवणाऱ्या एजन्सीबद्दल. दुपारी तीननंतर पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर पडायची. सगळे पॅनल एका माळेत जोडलेले, त्यामुळे एकावर सावली आली की बाकीच्यांचीही वीज घटते. जागा पाहायला आलेल्या माणसाला हे दिसायला हवं होतं. दोन महिने फोन करकरून शेवटी स्ट्रक्चर सरकवून घेतलं. तुम्ही बसवणार असाल तर पैसे देण्याआधी त्यांना दुपारी चार वाजता गच्चीवर उभं करा. आणि काच तापलेली असताना गार पाणी मारू नका, पहाटेच धुवा.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. नियम जर्मनीतही तोच, पण मी होते त्या तीन महिन्यांत तिथे एकदाही लाईट गेली नाही.

दोन्ही देशांच्या वाटाच निराळ्या आहेत. जर्मनीनं 2000 साली कायदा करून छपरावरच्या विजेला युनिटमागे 99 फेनिग (युरोआधीच्या जर्मन मार्कचे पैसे) असा भक्कम दर वीस वर्षांसाठी बांधून दिला. त्याचा भार लोकांनी 2022 च्या जुलैपर्यंत वीजबिलातून सोसला. आज जगभर पॅनल स्वस्त आहेत त्यात चिनी कारखान्यांबरोबर त्या बिलांचाही वाटा आहे, म्हणून मला त्या लोकांबद्दल कृतज्ञता वाटते. आपण 2010 च्या सौर मिशनपासून जोर दिला तो मोठ्या प्रकल्पांवर. राजस्थानातलं भादला, कर्नाटकातलं पावगडा, दोन्ही 2,000 मेगावॉटच्या वर. एक कोटी घरांच्या छपरांचं लक्ष्य आलं ते 2024 मध्ये.

पण आपलं अनुदान ज्याचं छप्पर त्याला. आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या ताईंनी मी परतल्यावर विचारलं, "काकू, आमच्यासाठी असं काही नाही का हो?" श्टुटगार्टमधल्या भाडेकरूला जे एका शनिवारी जमलं, ते त्यांना करता यावं अशी सोपी वाट आपल्याकडे मला सापडली नाही. घर बदललं की भाड्याची जागा सुटते, असे बाल्कनीतले पॅनल मात्र काढून सोबत नेता येतात, एवढं ते हलकं काम आहे. त्यांची गॅलरी पश्चिमेला आहे. एप्रिलमध्ये दुपारी तीनला तिच्या कठड्यावर हात ठेववत नाही.