ग्लुटेनमुळे पोट बिघडते असे वाटल्यास: आधी पथ्य की आधी तपासणी?

गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर पोट फुगणे, गॅसेस, मळमळ, जुलाब किंवा थकवा असा त्रास वारंवार होऊ लागला की ग्लुटेन (गव्हातील एक प्रथिन) सोडून पाहावे, असे बहुतेकांना वाटते. त्यात गैर काही नाही; प्रश्न आहे तो क्रमाचा, कारण पथ्य आधी सुरू केले तर नेमके निदान होणे अवघड होऊन बसते.

आधी पथ्य पाळण्याच्या बाजूने बोलायचे तर त्याला डॉक्टरांची वाट पाहावी लागत नाही आणि अनेकांना काही दिवसांतच बरे वाटू लागते. मात्र बरे वाटले म्हणजे ग्लुटेनच दोषी होते असे सिद्ध होत नाही. गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रक्टान नावाची कर्बोदकेही असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे किण्वन करतात आणि त्यातून वायू तयार होतो. सीलिॲक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) नसलेल्या, पण स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांवर नॉर्वेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्लुटेनपेक्षा फ्रक्टानमुळेच अधिक त्रास झाल्याचे दिसले. म्हणजे गहू सोडून आराम पडलेल्या माणसाचा खरा त्रास फ्रक्टान असलेल्या कांदा-लसणातही दडलेला असू शकतो.

आधी तपासणी करण्याची बाजू मला अधिक भक्कम वाटते. सीलिॲक हा स्वप्रतिरक्षेचा आजार आहे: गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्यातील अन्न शोषून घेणाऱ्या रसांकुरांवर उलटते, ते सपाट होतात आणि अन्नघटकांचे शोषण घटते. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि पोटाची फारशी तक्रार नसतानाही तो रक्तक्षय किंवा ठिसूळ हाडे यांच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. त्यासाठी रक्तातील टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडे तपासतात आणि सोबत एकूण आयजीएचे (प्रतिपिंडांच्या या प्रकाराचे) प्रमाणही पाहतात, कारण ते मुळातच कमी असलेल्या व्यक्तीचा अहवाल फसवा असू शकतो. प्रौढांमध्ये पुढे बहुधा एंडोस्कोपीने आतड्याचा नमुना घेतात. या तपासण्यांचा भरवसा रुग्णाच्या आहारात ग्लुटेन असण्यावरच अवलंबून असतो. ते बंद केले की प्रतिपिंडे हळूहळू उतरतात, रसांकुर भरून येऊ लागतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. निदान होईपर्यंत त्रास सोसत तेच अन्न खावे लागणे ही या मार्गाची किंमत आहे, आणि ती हलकी नाही. तरीही निदानानंतर आयुष्यभराचे काटेकोर पथ्य आणि आई-वडील, भावंडे व मुले यांचीही तपासणी करावी लागणार असल्याने केवळ अंदाजावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. सीलिॲकमध्ये पिठाचा कणही चालत नाही, तर सीलिॲक नसलेल्या संवेदनशीलतेत थोडेसे ग्लुटेन अनेकांना सोसते; इतका फरक या एका निदानाने पडतो.

याला एक अपवाद आहे. गहू खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास लागणे ही गव्हाच्या ॲलर्जीची लक्षणे असू शकतात. तेथे तपासणीसाठी खात राहण्याचा प्रश्नच येत नाही आणि श्वास लागल्यास तातडीने उपचार घ्यावेत. विनाकारण वजन घटणे किंवा शौचातून रक्त जाणे यांसाठीही डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

ज्यांनी ग्लुटेन आधीच सोडले आहे, त्यांच्यासाठी एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ या सीलिॲकशी निगडित जनुकांची तपासणी उपयोगी पडते, कारण तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सीलिॲकची शक्यता जवळजवळ संपते. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण निरोगी लोकांपैकीही कित्येकांत ती आढळतात. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा ग्लुटेन खाऊन रक्त तपासावे लागते.

सर्व अहवाल निर्दोष आले तर पुढची निवड कायमचे ग्लुटेनमुक्त पथ्य आणि कमी फॉडमॅपचा आहार यांतील आहे. दुसऱ्यात फ्रक्टानसह सहज किण्वन होणारी कर्बोदके दोन ते सहा आठवडे कमी करतात आणि मग एकेक गट परत आणून त्रासाचे मूळ शोधतात. तो अधिक कटकटीचा आहे, पण उत्तर देणारा आहे. मात्र पहिला टप्पाच कायमचा आहार करू नये, आणि शक्य असल्यास आहारतज्ज्ञाची मदत घ्यावी.

चुकून ग्लुटेन पोटात गेलेल्या दिवशी पुरेसे पाणी, जुलाब असल्यास जलसंजीवनी, हलके अन्न आणि विश्रांती एवढेच खात्रीचे उपाय आहेत. ग्लुटेन पचवण्याचा दावा करणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल त्याचा काही भाग जठरात तोडू शकत असल्या, तरी उरलेला भाग आतड्याला इजा करण्यास पुरेसा असतो. म्हणून सीलिॲकच्या रुग्णाने त्यांच्या भरवशावर गव्हाचा पदार्थ खाऊ नये.