आदिवासी ऑस्ट्रेलियाचा भिंतीवरचा नकाशा: वर्गात टांगल्यावर

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा अभ्यास करणाऱ्या, कॅनबेराच्या आयात्सिस या संस्थेचा हा नकाशा, मूळ १९९६ सालचा, डेव्हिड हॉर्टन यांनी केलेला. कुठं कुठला आदिवासी समाज, कुठली भाषा, ते तो रंगांनी दाखवतो. पुतणी मेलबर्नला असते, तिनं नळीत गुंडाळून आणला. पैसे घेतले नाहीत, म्हणून किमतीबद्दल बोलत नाही. पांढरकवड्यात लॅमिनेशन करून चौथीच्या वर्गात लावला. आमची निम्मी पोरं पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, घरी कोलामी बोलणारी.

लावल्या लावल्या एकानं विचारलं, "सर, यावर पानी सांडलं का जी?"

प्रश्न रास्त होता. राज्यांच्या नकाशासारख्या कापीव रेषा इथं नाहीतच. एका समाजाचा रंग दुसऱ्यात विरत जातो. हे मुद्दाम केलंय. हद्दी नेमक्या नाहीत, जमिनीच्या दाव्यासाठी हा नकाशा वापरू नका, असं संस्थाच सांगते. आमच्याकडे उलट आहे. सामूहिक वनहक्काचा दावा करायचा तर आधी हद्द दाखवा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली हक्क मिळाला, तो ठरलेल्या हद्दीतल्या जंगलाचा. पण भाषेचं काय? कोलामी पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत जाते, आणि पुस्तकातला जिल्ह्याचा नकाशा तिला नदीवरच तोडतो. त्यामुळे हे विरलेले रंग मला पटले.

आता तक्रारी. आग्नेय किनारा बघा. सिडनीपासून खाली व्हिक्टोरियापर्यंत नावांची इतकी दाटी की मागच्या बाकावरून काही दिसत नाही. शिवाय समाजाची नावं आणि भाषांची नावं एकाच पद्धतीनं छापलीत. युइन हे लोक. त्यांच्या किनाऱ्यावर धुर्गा, जिरिंगंज, थावा अशा वेगवेगळ्या भाषा. पोरांना ते मलाच खडूनं फळ्यावर काढून दाखवावं लागलं. व्हिक्टोरियातल्या गिप्सलँडचे गुनाइकुर्नाई म्हणजे पाच कुळांचा समाज, तेही वेगळं सांगावं लागतं.

मोठी खोट मात्र ही: सगळे रंग सारखेच टवटवीत. उत्तरेला आर्नहेम लँडात पोरं आजही घरी योल्ङु भाषा बोलतात. आग्नेयेला १७८८ साली इंग्रजांची वसाहत झाली, पुढच्याच वर्षी सिडनीच्या आसपास देवीची साथ आली. मग गोऱ्या मेंढपाळांनी जमिनी घेतल्या, ख्रिस्ती मिशनमध्ये भाषा दाबल्या गेल्या. तिथल्या बऱ्याच भाषा आज जुन्या टिपणांतून आणि म्हाताऱ्यांच्या आठवणीतून पुन्हा उभ्या केल्या जाताहेत. धुर्गाचा शब्दकोश आणि व्याकरण थेट २०२० साली छापून आलं. गुनाइकुर्नाईंचा जमिनीवरचा हक्क कोर्टानं २०१० मध्ये मान्य केला. यातलं नकाशावर काहीच नाही. नुसता नकाशा बघणाऱ्याला वाटेल, तिथं सगळं बरं चाललंय.

म्हणून सोबत एक कागद चिकटवलाय: कुठं भाषा घरात आहे, कुठं वर्गात शिकवावी लागते. ज्यांच्या शाळेत असं काही जोडून सांगणारं माणूस आहे, त्यांनी नकाशा जरूर मागवावा. नुसती भिंत सजवायची असेल तर नको, तेवढ्यासाठी कॅलेंडर पुरतं. लहान आकाराचा तर घेऊच नका. मोठ्यातही आग्नेय कोपरा वाचायला आमची पोरं विज्ञानपेटीतलं भिंग काढतात.