आठ नंबरचा फ्लाय रॉड सायप्रिनससाठी: ऑक्टोबर ते मे, नागपूर

नऊ फुटी, चार तुकड्यांचा ग्रॅफाइट रॉड, डिस्क ड्रॅगचं (चकतीच्या ब्रेकचं) रील, तरंगणारी लाइन आणि मागे १०० मीटर डॅक्रॉनचं बॅकिंग, म्हणजे राखीव दोरा, असा हा सायप्रिनस (कॉमन कार्प) धरायचा सेट. फ्लाय म्हणजे गळावर बांधलेलं हलकं नकली आमिष; ते फेकलं जातं लाइनच्या वजनाने. रॉड उत्तम, रील पुरेसं. फसगत होते ती लाइनमध्ये.

आठ नंबर म्हणजे लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन, साधारण १३.६ ग्रॅम. फेकताना रॉड वाकतो तो याच वजनाने, म्हणून लाइन बिघडली की रॉडही निकामी वाटतो. सेटसोबत आलेली लाइन थंड पाण्यासाठीची होती. डिसेंबरच्या पहाटे ती झकास चालली. मार्च उजाडला तशी तिचं आवरण मऊ पडून ती कड्यांना चिकटू लागली आणि ५० फुटांची फेक ३५ वर आली. नागपूरच्या उन्हाला कडक गाभ्याची, उष्ण प्रदेशासाठीची लाइनच हवी. ही हिवाळ्यात रीलवरून वेटोळी होऊन उतरते. आधी हाताने ताणून घ्यावी. डास पळवणाऱ्या मलमातलं डीट आवरण विरघळवतं, तेव्हा मलम लावलेले बोट लाइनला नको.

टिपेटसाठी, म्हणजे फ्लाय बांधायच्या शेवटच्या बारीक तुकड्यासाठी, ०.२८ मिमीचा तंगूस. ०.२० चा पहिल्याच धावेत तुटतो, आणि तोही बहुधा गाठीपाशी, कारण कोरडी गाठ आवळताना तंगूस तापून कच्चा होतो. थुंकी लावूनच आवळा.

कटल्यासाठी हा सेट घेऊ नका. त्याचं तोंड वर वळलेलं, खाणं पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून. फ्लायकडे तो क्वचितच वळतो. रोहू मधल्या थरात फिरतो. खरी मजा सायप्रिनसची. काठालगत दोन फूट पाण्यात तो तळ उकरतो, गढूळ ढग आणि बुडबुडे उठतात. फ्लाय अशी: आठ नंबरच्या गळावर तपकिरी शेनील (लवदार दोरा), मण्यांच्या साखळीचे डोळे, चमक अजिबात नको. शिशाचे डोळे ‘डुबुक’ करतात आणि मासा उधळतो. फ्लाय माशाच्या पुढे फूटभर पलीकडे टाकावी, हळूच ओढत तोंडासमोर आणून तळाला बसू द्यावी. तो ती ओढून घेतो आणि क्षणात थुंकतो. झटका जाणवेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. लाइनचं टोक जरा सरकलं किंवा मासा पुढे कलला, की डाव्या हाताने लाइन खेचायची. रॉड वर उचलला तर फ्लाय तोंडातून निसटते.

या माशांचा वाताशय बारीक हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेला असतो, म्हणून काठावरचं पाऊलही ऐकू जातं. अनवाणी किंवा मऊ तळव्याने चला.

मागे बेशरमची झुडपं असली तर मागची फेक अडकतेच. रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न नेता केलेली फेक, आधी मैदानावर घोटून घ्या. रॉडचे सांधे अर्ध्या तासाने तपासा. ढिल्या सांध्यावर जोर पडला की तिथेच चीर जाते.

तलाव ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिची परवानगी आधी घ्या. तोतलाडोह जलाशय पेंच राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे.

एप्रिल-मेत सकाळी नऊनंतर सोडून द्यायला मासा धरूच नये. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, लांबलेल्या झुंजीनंतर तो सावरत नाही. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, हात ओले करा, आणि मासा स्वतः शेपूट मारेपर्यंत त्याला पाण्यातच सरळ धरून ठेवा.